गाडी पाणी खाते, पण कुठे?

बोरघाटाच्या पायथ्याचं खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटर उंचीवर आहे आणि माथ्यावरचं लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या जवळपास. मधला रस्ता पंधराएक किलोमीटरांचा. एवढ्याशा अंतरात साडेपाचशे मीटर चढायचं म्हणजे काय, हे रेल्वेने फार पूर्वीच अनुभवलं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या घाटमार्गावर ठिकठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे आणि कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांना आजही मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. याच उंचीच्या फरकावर टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू केलं. लोणावळा-वळवणच्या तलावांतलं पाणी खाली सोडून तिथे वीज तयार होते. तीच उंची माल भरलेली पिकअप चढून येते तेव्हा सगळा हिशेब एका लहानशा डिझेल इंजिनाला चुकवावा लागतो. म्हणूनच मावळातल्या गॅरेजांत एक तक्रार वर्षभर येत असते: गाडी पाणी खाते. रोज सकाळी अर्धा लिटर घालावं लागतं, खाली थेंब दिसत नाही, वडगावपासून कामशेतपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलत नाही आणि घाटात मात्र वर सरकतो. मग होज पाईप बदलतात, क्लिपा बदलतात, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नवी बसते, रेडिएटर उतरवून धुऊन येतो, आणि महिन्याभराने पाणी पुन्हा कमी होऊ लागतं. माझं म्हणणं असं आहे, की अशा गाडीत पार्ट बदलणं हा कामाचा शेवटचा आणि सोपा भाग आहे. खरं काम गळती शोधण्याचं. त्या शोधाला आपण वेळही देत नाही आणि मजुरीही देत नाही, आणि बहुतेक गळत्या चिवट ठरतात त्या यामुळेच.

घाटातच का गरम होते, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. गाडी आणि माल मिळून तीन टन धरू. तीन टन वजन साडेपाचशे मीटर उचलायला सुमारे सोळा मेगाज्यूल ऊर्जा लागते. रस्त्याचं घर्षण आणि हवेचा विरोध त्याशिवाय. डिझेल इंजिनात जळलेल्या इंधनातला साधारण एक तृतीयांश भाग कामी येतो, जवळपास तेवढाच सायलेन्सरमधून गरम वायूंबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या चढात या पाण्याला दहा-पंधरा मेगाज्यूल उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत पोचवायची असते. सोळा मेगाज्यूल उष्णता उकळत्या पाण्याला दिली तर त्यातलं सात लिटर पाणी वाफ होऊन जाईल, आणि पिकअपच्या सगळ्या यंत्रणेत पाणी असतं आठ-दहा लिटर. त्यात चढावर वेग वीस-तीसवर आलेला, त्यामुळे समोरून येणारा वारा जवळजवळ बंद आणि सगळी मदार फॅनवर. एप्रिल-मेच्या दुपारी या गणितात काही शिल्लक उरत नाही. आणखी एक गोष्ट मावळापुरती लक्षात घेण्यासारखी आहे. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधली गुलाबाची खोकी, पवन मावळातली भाजी, हा माल दादरला किंवा वाशीच्या बाजारसमितीत जातो, म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते. वर येताना हौद्यात रिकामे क्रेट असतात. अशी गाडी सहा-सहा महिने बारीक गळती घेऊन बिनबोभाट फिरू शकते. एखाद्या दिवशी पनवेलहून लोणावळ्याच्या कुठल्या बंगल्यासाठी फरशीचं परतीचं भाडं मिळतं आणि पूर्वी अमृतांजन पूल होता त्या जागेच्या आसपास बॉनेटमधून वाफ येते. मालक म्हणतो, गाडी कालपर्यंत ठणठणीत होती. गाडी कालही गळत होती, फक्त काल तिच्याकडून घाटाचं पूर्ण काम कुणी मागितलं नव्हतं.

आता गळतीने नेमकं काय जातं, ते पाहू. पाणी जातं हे दिसतं, पण आधी जातो तो दाब. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. इंजिनाच्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीभोवती, धातू याहून कितीतरी गरम असतो. म्हणून रेडिएटरचं झाकण साधं झाकण नसतं. त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो आणि तो आतला दाब साधारण एक बारपर्यंत, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत एक किलोपर्यंत, चढू देतो. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते त्याच नियमाने इथे पाण्याचा उत्कलनबिंदू एकशेवीसच्या जवळ जातो. निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्याही पुढे. ही वीस-पंचवीस अंशांची सूट हाच घाटातला सगळा आधार. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तासाभरात पाणी फार तर पेलाभर जाईल, पण दाब धरला जाणार नाही आणि ती सूट संपेल. मग हेडमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात, वाफ पाण्यासारखी उष्णता उचलू शकत नाही, आणि तेवढीच जागा भाजून निघते. पाण्यावरच्या याच दाबामुळे गरम गाडीचं झाकण उघडणं धोक्याचं आहे, आणि हे घाटात थांबलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. एकशेपंधरा अंशांवरच्या आठ लिटर पाण्यावरचा दाब एकदम सोडला, की त्यातलं पाव लिटर क्षणात वाफ होतं, आणि पाव लिटर पाण्याच्या वाफेला चारशे लिटर जागा लागते. तेवढी वाफ उघडणाऱ्याच्या हातातोंडावर येते. फडकं गुंडाळून झाकण फिरवणं हा उपाय नव्हे. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावं, वरचा होज पाईप हाताला सहज दाबता येऊ लागेपर्यंत थांबावं.

यावर पहिला आणि सर्वांत प्रचलित आक्षेप असा, की अर्धा लिटर पाणी घातल्याने काय बिघडतं? बाटली गाडीत ठेवायची, रोज भरायची, धंदा चालू ठेवायचा. हप्ते चालू असलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. गाडी उभी राहिली की भाडं बुडतं. पण वर म्हटल्याप्रमाणे बाटलीने पाणी परत येतं, दाब परत येत नाही. दुसरं नुकसान अधिक मुकाट्याने होतं. यंत्रणेत आठ लिटर पाणी, त्यात निम्मं कूलंट, असं धरा. दर वेळी अर्धा लिटर गळलं आणि तेवढं साधं पाणी घातलं, तर दहा वेळा भरल्यावर कूलंटचं प्रमाण पन्नास टक्क्यांवरून सव्वीसवर येतं. कूलंटमध्ये ग्लायकॉलशिवाय गंज रोखणारी द्रव्यं असतात, तीही त्याच प्रमाणात पातळ होतात. घातलेलं पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार गरम पृष्ठभागावर पापुद्रा धरतात. घालायचंच तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी घालावं. ज्या डिझेल इंजिनांत सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात उभे असतात, तिथे परिणाम आणखी विचित्र होतो. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला अतिसूक्ष्म बुडबुडे धरतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याने धातूचा कण निघतो. चांगल्या कूलंटमधली द्रव्यं तिथे संरक्षक थर धरून ठेवतात. तो थर गेला की लायनरला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरतं. म्हणजे बाहेरची एक स्वस्तातली गळती बाटलीच्या भरवशावर चालू ठेवली, तर ती आतली महाग गळती जन्माला घालते. क्लिपेच्या कामाचं इंजिनाच्या कामात रूपांतर होतं.

मग शोधायचं कसं? सगळ्यांत आधी एक समजूत सोडावी लागते, की थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते. इंजिनाच्या पुढे फॅन फिरत असतो. वरच्या होजमधून निघालेला थेंब तो मागे उडवतो, तिथून तो ब्लॉकवरून ओघळतो, एखाद्या ब्रॅकेटवर साचतो आणि शेवटी गिअरबॉक्सच्या खाली टपकतो. गरम धातूवर पडलेला थेंब तर जमिनीपर्यंत येतच नाही, वाटेतच वाफ होतो. पावसाळ्यात हा माग संपूर्ण पुसला जातो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर गाडीखालचा ओलावा पाहून काहीही ठरवता येत नाही, कारण सगळी गाडीच ओली असते. पण कूलंट एक खूण मागे ठेवतं आणि तीच पाहायला शिकलं पाहिजे. पाणी उडून जातं, त्यातली द्रव्यं राहतात. सांध्याजवळ पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली दिसली, तिला बोट लावल्यावर चिकट लागली आणि जवळ गोडसर वास आला, तर तिथून गळतं आहे, मग त्या क्षणी ती जागा कोरडी असेना का. वास घ्यावा, चव मात्र घेऊ नये. बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. काढून टाकलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतलं तर कुत्री आणि गुरं ते पितात.

या खपलीचं सर्वांत बोलकं ठिकाण वॉटर बॉडीवर आहे आणि नेमकं तेच डोळ्यांआड असतं. पंपाच्या दांड्याभोवती एक सील असतं. पलीकडे पाणी, अलीकडे बेअरिंग. सील झिजलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून बनवणाऱ्याने दोघांच्या मध्ये खालच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील जाऊ लागलं की पाणी या भोकातून बाहेर येतं. ते भोक बहुधा पुलीच्या मागे असतं, म्हणून पुढून वाकून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. दातांचे डॉक्टर वापरतात तसला लहान आरसा आणि बॅटरी घेऊन खालून पाहावं लागतं. भोकापासून खाली ओघळाची रेघ असेल तर पंप संपत आला आहे. तिथे किंचित ओल असेल, पण रेघ नसेल, तर घाईने पंप बदलू नये. नव्या सीललाही थोडी ओल सुटते. या बारीकशा भोकाला गळती समजून त्यावर एम-सील लावलेलेही पंप असतात. त्याने बाहेरचा माग बंद होतो आणि पाणी बेअरिंगमध्ये जातं. मग एके दिवशी पंप जाम होऊन पट्टा तुटतो.

काही गळत्या फक्त थंडीत दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पवना धरणाच्या काठावर इतका गारठा असतो, की रात्रभर उभ्या गाडीचं रबर आणि धातू दोन्ही आक्रसतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. जुना होज कडक झालेला असेल तर क्लिपेखाली केसाएवढी फट पडते. सकाळी चार थेंब पडतात, इंजिन तापलं की फट मिटते, आणि दहा वाजता गॅरेजला पोचलेली गाडी कोरडी असते. उलट रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला पडलेली चीर गरम झाल्यावर आणि दाब आल्यावरच उघडते. पूर्वीचे पितळ-तांब्याचे रेडिएटर डाख देऊन दुरुस्त व्हायचे. आजच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी पत्रा दुमडून बसवलेली असते, तिथे डाख लागत नाही आणि चीर त्या दुमडीच्या आतच लपते. एक थंडीत गळणारी, एक उन्हात गळणारी. एकाच वेळी एकदाच पाहून दोन्ही सापडणं शक्य नाही. म्हणून तपासणी थंड इंजिनावर एकदा आणि गरम इंजिनावर एकदा, अशी दोनदा व्हायला हवी.

मेकॅनिकच्या हाती यासाठी एक साधं हत्यार आहे: हातपंप आणि दाबाचा काटा असलेला टेस्टर. तो झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब पंपाने भरायचा आणि काटा पाहत राहायचा. त्याने घाट गॅरेजमध्ये आणता येतो, तोही इंजिन बंद ठेवून आणि हात भाजून न घेता. काटा पंधरा-वीस मिनिटं जागचा हलला नाही तर बाहेर गळती नाही, किंवा असलीच तर ती फक्त तापल्यावरची. काटा उतरतो आणि कुठूनतरी पाणी येतं, तर शोध संपला. काटा उतरतो आणि कुठेच पाणी दिसत नाही, तेव्हा मात्र खरी माहिती हाती लागलेली असते: पाणी आत जात आहे. त्याच टेस्टरला जोडणी लावून झाकणही तपासता येतं, आणि ते सर्वांत आधी तपासावं. झाकणाची स्प्रिंग दमली असेल तर पाणी कुठूनही न गळता रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत आणि त्या बाटलीतून नळीवाटे बाहेर जातं. सगळ्यांत स्वस्त पार्ट, आणि तोच सगळ्यांच्या शेवटी आठवतो. या सगळ्याच्या आधी मालकाने स्वतः एक काम करायचं आहे. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी एकाच सपाट जागी उभी असताना, याच बाटलीवर मार्करने रेघ मारायची आणि किती किलोमीटरांना, भरलेल्या की रिकाम्या गाडीत, घाट चढून की सपाटीवर, रेघ किती उतरली ते डायरीत लिहायचं. ‘पाणी खाते’ या तक्रारीवरून मेकॅनिकला काहीच ठरवता येत नाही. ‘सपाटीवर काही नाही, भरून घाट चढलं की पाऊण लिटर’ यावरून अर्ध्या शक्यता जागीच गळतात.

पाणी आत जात असेल तर बहुतेकांच्या तोंडी एकच निदान येतं: गॅस्केट उडालं. ते खरं असू शकतं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल तर तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट वाढतं. अर्धा मीटर लांबीचं हेड ऐंशी अंशांनी तापलं, की दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो आणि मधलं गॅस्केट दर फेरीला तेवढं ओढलं जातं. एकदा गाडी बेसुमार गरम झाली असेल तर हेड वाकतं आणि गॅस्केट नंतरही पकड धरत नाही. पण निदान करायचं तर पुरावा हवा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आतच, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन धरून त्यातून वरची हवा ओढली आणि त्याचा रंग पालटला, तर ती हवा जळलेल्या वायूची आहे. डिझेल इंजिन रिकामं चालताना भरपूर हवा ओढतं, त्यामुळे त्या वायूत कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि ही तपासणी उभ्या गाडीवर फसू शकते. गाडीवर भार देऊन, म्हणजे चढ चढवून आणल्यावर ती करावी; झाकण मात्र वर सांगितल्याप्रमाणे थंड होऊ देऊनच उघडावं. ऑइल दुधाळ झालं असेल तर ऑइल कूलर आणि हेड दोन्हींकडे पाहायला हवं. आणि डॅशबोर्डावरचा काटा शांत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पाणी सेन्सरच्या खाली उतरलं, की तो पाण्याचं तापमान सांगू शकत नाही; काटा खाली येतो आणि इंजिन आत भाजत असतं.

अलीकडच्या गाड्यांत एक तिसरी जागा निर्माण झाली आहे आणि चिवट गळत्यांपैकी बऱ्याच तिथे असतात. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे मापदंड लागू झाले. धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करण्यासाठी डिझेल इंजिनात जळलेल्या वायूचा थोडा भाग परत आत फिरवतात, आणि तो थंड करायला ईजीआर कूलर नावाची डबी असते. तिच्या नळ्यांमधून जळजळीत वायू जातो आणि बाहेरून कूलंट. दर फेरीला तापणं-निवणं सोसून या नळ्यांना तडा जातो. मग कूलंट वायूबरोबर इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं. खाली थेंब नाही, ऑइल स्वच्छ, कॉम्प्रेशन उत्तम, होज कडक नाही. फक्त सकाळी सुरू करताना थोडा जास्त पांढरा धूर आणि त्याला गोडसर वास. लोणावळ्याच्या धुक्यात तो धूर कुणाच्या डोळ्यांतही भरत नाही. अशा गाडीचं हेड उतरवून गॅस्केट बदललं, फेसिंग केलं, तरी पाणी कमी व्हायचं थांबत नाही, कारण हेडचा दोष नव्हताच. ईजीआर कूलर सोडवून त्याची पाण्याची तोंडं बंद करायची, आत थोडी हवा भरायची आणि तो पाण्याच्या टबात बुडवायचा. बुडबुडे आले तर उत्तर मिळालं. हेड उतरवण्याच्या मानाने हे फार कमी काम आहे. तरीही आधी हेड उतरतं, कारण गॅस्केट हे नाव ओळखीचं आहे.

आता दुसरा आक्षेप, हळदीचा. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की गळती बंद होते, हे ड्रायव्हर लोकांचं जुनं ज्ञान आहे आणि ते खोटं नाही. पाण्याबरोबर फिरणारे बारीक कण भोकापाशी अडकतात, फुगतात आणि बूच बसतं. बाजारातली रेडिएटर सीलरची बाटली हेच काम अधिक सफाईने करते. रात्री घाटात अडकलेल्या, जवळ गॅरेज नसलेल्या माणसाने तेवढ्यापुरता तो उपाय केला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. खोपोलीपर्यंत उतरणं महत्त्वाचं. पण कणाला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांची आतली पोकळी काही ठिकाणी दीड-दोन मिलिमीटरांची असते, ऑइल कूलरची वाट त्याहून अरुंद. गळती थांबते आणि उष्णता बाहेर टाकायची ताकदही कमी होते. घाटात त्याच ताकदीची गरज असते. शिवाय पुढे खरी तपासणी करायची वेळ येते तेव्हा बूच बसलेलं भोक दाबाला तात्पुरतं टिकतं आणि मेकॅनिकला खोटं उत्तर मिळतं. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकण्याची रीतही अशीच. त्याने पाणी सतत फिरतं आणि काटा थोडा खाली दिसतो, पण इंजिन योग्य तापमानाला लवकर पोचत नाही, डिझेल जास्त जातं आणि मूळ दोष झाकला जातो.

तिसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कामशेत-तळेगावच्या जुन्या गॅरेजांत बॉनेट उघडताच वासावरून आणि आवाजावरून दोष सांगणारी माणसं आहेत. त्यांना टेस्टर आणि रसायनं हवीत कशाला? माझ्या मते अशा माणसाचा अंदाज म्हणजेच पहिली दिशा, आणि ती बहुधा बरोबर असते. प्रश्न उरलेल्या गाड्यांचा आहे, ज्यांत पहिला अंदाज चुकला. तिथे दुसरा अंदाज, मग तिसरा, असं करत पार्ट बदलत गेलं तर प्रत्येक बदलाबरोबर नव्या शक्यता तयार होतात. नवी क्लिप सैल राहिलेली असू शकते, नव्या पंपाचं पॅकिंग नीट बसलेलं नसतं, पाणी भरताना हवा आत अडकते आणि तिच्यामुळेच गाडी गरम होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर दाब पुन्हा तपासायचा, आतली हवा काढायची, मग गाडी भरून घाटातून एक फेरी करायची आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर रेघ पाहायची. जुन्या मिस्त्रीच्या हातात ही शिस्त आली तर त्याच्याइतकं लवकर कुणीच गळती शोधणार नाही.

मग अडतं कुठे? मजुरीच्या रिवाजात. गाडीमालक पार्टचे पैसे देतो, कारण पार्ट डोळ्यांना दिसतो. दोन तास गाडीखाली आरसा घेऊन पडलेल्या, रात्रभर दाब लावून ठेवलेल्या आणि शेवटी एक क्लिप बदललेल्या मेकॅनिकने त्या दोन तासांचे पैसे मागितले तर ‘एक क्लिप तर बदलली’ असं ऐकावं लागतं. अशा व्यवहारात शहाणा मेकॅनिक शोधत बसणार नाही, तो वॉटर बॉडी बदलेल. यावर मालकाचं उत्तर असतं, की शोधायला गाडी अर्धा दिवस उभी ठेवणं परवडत नाही. पण चार वेळा चुकीचा पार्ट बदलायला गाडी चार वेळा उभी राहतेच, आणि पाचव्या वेळी घाटात क्रेनची वाट पाहत उभी राहते, मागे वाहनांची रांग लागलेली असते आणि हौद्यात परतीचा माल अडकलेला असतो. त्यापेक्षा दाबाचा टेस्टर असलेलं गॅरेज निवडावं, रात्री माल उतरल्यावर गाडी तिथे सोडावी, सोबत रेघांची डायरी द्यावी, बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागावा, आणि बिलावर ‘गळती तपासणी’ असा वेगळा आकडा दिसला तर त्यावर घासाघीस न करता तो द्यावा.